सहा वह्या, सहा फुल्या : घोडं नेमकं कुठे पेंड खातंय?

परतीची_वाट

नमस्कार मंडळी. बारा वर्षांच्या खंडानंतर पदवीच्या पहिल्या वर्षाला बसले आहे. दिवसा नोकरी, रात्री गृहपाठ. पहिल्या वर्षी सगळ्यांना सगळं थोडं थोडं असतं, त्यामुळे टेबलावर भौतिकी, रसायन, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, जनुकशास्त्र आणि इतिहास अशा सहा वह्या.

या आठवड्यात सहाही तपासून परत आल्या. प्रत्येकीत एक ठसठशीत लाल फुली. शेजारी बरोबर उत्तर लिहिलंय, पण माझं का चुकलं याबद्दल एक अक्षर नाही. त्यामुळे मला उत्तरं नकोत, ती आहेतच. आकडेमोड मी दोन-दोनदा तपासली, गुणाकार-भागाकार कुठेच चुकलेला नाही. म्हणजे चूक त्याच्या आधी कुठेतरी होतेय आणि मला दिसत नाहीये.

प्रश्न माझ्या शब्दांत देते.

भौतिकी : गाडी १२० किलोमीटर ताशी ४० ने गेली, त्याच रस्त्याने ताशी ६० ने परत आली. सरासरी चाल किती? मी ५० लिहिलं. उत्तर ४८.

रसायन : १० ग्रॅम हायड्रोजन आणि ६४ ग्रॅम ऑक्सिजन यांची अभिक्रिया करून प्रत्यक्षात ६३ ग्रॅम पाणी मिळालं. यील्ड, म्हणजे प्रत्यक्षात हाती आलेलं उत्पादन, किती टक्के? मी ७०. उत्तर ८७.५.

अर्थशास्त्र : किंमत ४० वरून ५० झाली, मागणी १०० नगांवरून ८० वर आली. मागणीची लवचिकता (किंमत एक टक्का हलली तर मागणी किती टक्के हलते) काढा. मी ०.८. उत्तर १.

संख्याशास्त्र : एक आजार २०० माणसांत एकाला असतो. चाचणी १०० आजाऱ्यांपैकी ९६ जणांना पकडते, पण १०० निरोग्यांपैकी ४ जणांनाही चुकून पॉझिटिव्ह दाखवते. एकाची चाचणी पॉझिटिव्ह आली, त्याला आजार असण्याची शक्यता किती? मी ९६ टक्के. उत्तर म्हणे साधारण १०.८ टक्के! हे तर मला अजून पटलेलंच नाही.

जनुकशास्त्र : आईवडील दोघेही निरोगी. मुलाला अप्रभावी जनुकामुळे होणारा आजार (दोन्ही जनुकं सदोष असतील तरच होतो; एकच सदोष असेल तर माणूस निरोगी, पण "वाहक"). त्याची बहीण निरोगी. ती वाहक असण्याची शक्यता किती? मी १/२. उत्तर २/३.

इतिहास : "ज्या समाजात सरासरी आयुर्मान ३६ वर्षं होतं तिथे वृद्ध माणसं जवळपास नसतच." चर्चा करा. मी दीड पान भरून सहमती दर्शवली. दहापैकी दोन.

माझी समजच कच्ची आहे की सहा ठिकाणी सहा वेगळे घोटाळे आहेत?

---

सूत्रसंग्रह

पहिल्याला हार्मोनिक मीनचं सूत्र लागतं, चौथ्याला बायेसचं, तिसऱ्याला मध्यबिंदूचं. तिन्ही पाठ करून टाका. पाचवा प्रश्न परीक्षेला नेहमी येतो, उत्तर २/३ लक्षात ठेवा.

---

जुना_खडू

वरचा सल्ला परीक्षेच्या आदल्या रात्री ठीक आहे. तुमच्या हातात अजून दिवस दिसतात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. एकतीस वर्षं फळ्यापुढे काढली. फुली मारून शेजारी काही न लिहिण्याचं पाप मीही केलंय. वह्यांचा गठ्ठा अर्ध्यावर आला की लाल पेन आपोआप मितभाषी होतं.

तुमचे सहा घोटाळे नाहीत, एकच आहे. भागाकार येतो, पण कशाने भागायचं ते चुकतं. प्रत्येक ठिकाणी अंश बरोबर घेतलाय आणि छेद जो पहिल्यांदा डोळ्यांसमोर आला तो. इतिहाससुद्धा त्यातच मोडतो, तिथे छेद वाक्यात दडलेला आहे इतकंच.

गाडीपासून सुरू करू. ५० हे उत्तर कधी बरोबर असतं? गाडी *तीन तास* ४० ने आणि *तीन तास* ६० ने धावली असती तर. तुमची गाडी जाताना तीन तास रस्त्यावर होती, येताना दोनच तास. एकूण २४० किलोमीटर, एकूण ५ तास, ४८. हळू चालीत जास्त वेळ गेला म्हणून सरासरी तिकडे झुकली. चाल म्हणजे अंतर भागिले वेळ. छेदात वेळ आहे, आणि तुम्ही ४० नि ६० ची बेरीज करून दोनाने भागलंत. ते दोन कशाचे? फेऱ्यांचे. फेऱ्यांनी भागायला कुणी सांगितलं नव्हतं.

एक घरचा अभ्यास देतो. तीच गाडी, जाताना ताशी ४०. एकूण सरासरी ताशी ८० यावी असं वाटत असेल तर परत किती चालीने यावं लागेल? उत्तर इथेच लिहा.

रसायनात तुमची चूक मला विशेष आवडली, कारण ७० टक्के हे इतकं गोंडस उत्तर आहे की कुणालाही खरं वाटावं. तुम्ही काय केलंत ते ओळखतो. मोल हे कण मोजायचं एकक, हायड्रोजनचा एक मोल २ ग्रॅम, ऑक्सिजनचा ३२, पाण्याचा १८. १० ग्रॅम हायड्रोजन म्हणजे ५ मोल, त्यातून ५ मोल पाणी, म्हणजे ९० ग्रॅम. ६३ भागिले ९०. बरोबर? आता जरा थांबून त्या नव्वदाकडे बघा. तुमच्याकडे सगळा मिळून माल किती होता? १० अधिक ६४, म्हणजे ७४ ग्रॅम. ७४ ग्रॅममधून ९० ग्रॅम पाणी काढताय! ऑक्सिजन फक्त २ मोल आहे, एका मोलाला हायड्रोजनचे दोन मोल लागतात, म्हणजे ४ मोल वापरून तो संपतो. पाणी ४ मोल, ७२ ग्रॅम. एक मोल हायड्रोजन, २ ग्रॅम, तसाच उरतो. ७२ आणि २ मिळून ७४, हिशोब जुळला. यील्डच्या छेदात "जास्तीत जास्त मिळू शकलं असतं ते" असतं, आणि ते आधी संपणाऱ्या पदार्थावरून ठरतं.

अर्थशास्त्राची फुली मला पटत नाही. तुमचं ०.८ चूक नाही. किंमत ४० च्या मानाने २५ टक्के वाढली, मागणी १०० च्या मानाने २० टक्के घटली, २० भागिले २५. पण हाच रस्ता उलट चालून बघा. किंमत ५० वरून ४० केली तर ती २० टक्के उतरली, आणि मागणी ८० वरून १०० म्हणजे २५ टक्के वाढली. लवचिकता १.२५. त्याच दोन बिंदूंमधला तोच तुकडा, जाताना अलवचिक (एकाहून कमी) आणि येताना लवचिक (एकाहून जास्त)! ही अडचण टाळायला दोन्हीच्या मधला आकडा छेदात घेतात. किंमतीला ४५, मागणीला ९०. १० भागिले ४५ आणि २० भागिले ९० सारखेच, म्हणून १. पडताळा हवा तर एकूण खर्च बघा. ४० गुणिले १००, ४०००. ५० गुणिले ८०, तेही ४०००. खर्च हलला नाही म्हणजे लवचिकता १. प्रश्नात मध्यबिंदूची पद्धत वापरा असं म्हटलं नसेल तर वही घेऊन जा आणि नम्रपणे विचारा.

आता चौथा. हा पटत नाही म्हणता, त्यात लाजण्यासारखं काही नाही. भल्याभल्यांना पटत नाही. सूत्र बाजूला ठेवा, टक्के विसरा, माणसं मोजा. १०,००० माणसं घ्या. आजारी किती? ५०. त्यातले पकडले गेले ४८. निरोगी ९,९५०. त्यांच्यातले ४ टक्के चुकून पॉझिटिव्ह, म्हणजे ३९८. आता दारावर "पॉझिटिव्ह" अशी पाटी असलेल्या खोलीत सगळ्यांना बसवा. खोलीत माणसं ४४६, त्यात खरे आजारी ४८. तुमचा माणूस या खोलीत बसलाय, आणि प्रश्न याच खोलीबद्दल आहे. ४८ भागिले ४४६, झाले १०.८ टक्के.

मग तुमचे ९६ टक्के कुठले? ४८ भागिले ५०. अंश तोच, ४८. पण ती आजाऱ्यांची खोली आहे. तुम्ही शेजारच्या खोलीत जाऊन मोजून आलात. "आजार असेल तर पॉझिटिव्ह येण्याची शक्यता" आणि "पॉझिटिव्ह आलं तर आजार असण्याची शक्यता" ही वाक्यं कानाला जुळी वाटतात. "तर" च्या आधी जे आहे ते छेदात बसतं, एवढं धरून ठेवा.

पाचव्यालाही तीच खोली. मुलगा आजारी आहे म्हणजे आईवडील दोघेही वाहक. मुलीच्या चार शक्यता, चारही सारख्याच : दोन्ही जनुकं चांगली, फक्त आईकडून सदोष, फक्त वडिलांकडून सदोष, दोन्ही सदोष. चारातल्या दोन वाहकाच्या, म्हणून तुम्ही १/२ लिहिलंत. पण ती निरोगी आहे हे प्रश्नाने फुकट सांगितलंय. चौथी शक्यता खोडा. उरल्या तीन, त्यातल्या दोन.

इतिहासाबद्दल थोडक्यात, माझा प्रांत नाही. दहा जन्म, चार पहिल्या वाढदिवसाआधीच गेले, सहा जण साठ वर्षं जगले. सरासरी ३६. छत्तिशीत एकही मेलेला नाही. सरासरीच्या छेदात तान्ही बाळंही असतात.

---

पेशीकेंद्र

खडू सरांच्या पाचव्या उत्तराला एक शेपूट जोडते. आमच्या प्रयोगवहीत यावर बरेच जण आपटतात.

चौथी शक्यता "खोडा" म्हणणं कधी चालतं? आजार लहानपणीच दिसत असेल तर. तोच आजार चाळिशीत दिसणारा असेल आणि बहीण वीस वर्षांची असेल, तर आज ती निरोगी दिसते यावरून फारसं काही कळत नाही आणि चौथी शक्यता पूर्ण खोडता येत नाही. प्रश्नात हे लिहिलेलं नसतं, गृहीत धरलेलं असतं. मी उत्तराच्या वर एक ओळ लिहिते, "आजार बालपणी प्रकट होतो असे गृहीत". कुणी गुण कापलेले नाहीत.

आणि पुढचा प्रश्न हमखास येणार, म्हणून आत्ताच करून ठेवा. तिचा नवरा वाहक आहे हे नक्की. पहिलं मूल आजारी असण्याची शक्यता? २/३ गुणिले १/४, म्हणजे १/६. ठीक. आता पहिलं मूल निरोगी झालं. आता ती वाहक असण्याची शक्यता किती? वर्गात सगळे म्हणतात "तीच, २/३, मुलामुळे आईची जनुकं थोडीच बदलतात!" जनुकं बदलत नाहीत, आपली माहिती बदलते. सरांसारखं माणसं मोजून करा. अशा १२ बायका घ्या, सगळ्यांचे नवरे वाहक. ८ वाहक, ४ नाहीत. आठ जणींपैकी सरासरी दोघींचं मूल आजारी, सहा जणींचं निरोगी. वाहक नसलेल्या चौघींची मुलं निरोगीच. निरोगी मुलांच्या आया झाल्या १०, त्यातल्या वाहक ६. म्हणजे ३/५. उतरली. दुसरंही मूल निरोगी झालं तर ९/१७, ते तुम्ही करून बघा.

---

परतीची_वाट

सर, पॉझिटिव्हच्या खोलीत बसल्यावर एकदम लख्ख दिसलं. मी खरोखर शेजारच्या खोलीत मोजत होते. तुमच्या घरच्या अभ्यासाचं उत्तर उद्या लिहिते, ऑफिसला जाताना डोक्यात घोळवीन.

पण एक शंका. चाचणी पॉझिटिव्ह येऊनही आजाराची शक्यता फक्त १०.८ टक्के असेल तर ती चाचणी कुचकामीच की!

दुसरी शंका. योग्य छेद नेहमी एकच असतो का? अर्थशास्त्रात तर तुम्ही तीन दाखवलेत.

पेशीकेंद्र ताई, ९/१७ आलं! १७ बायकांत बसत नव्हतं, मग ९६ घेतल्या. ६४ वाहक, त्यातल्या ३६ जणींची दोन्ही मुलं निरोगी. वाहक नसलेल्या ३२. एकूण ६८, त्यात ३६.

---

पेशीकेंद्र

९६ घेतल्यात हे बघून बरं वाटलं. आमच्यातले निम्मे लोक अपूर्णांकांतच बुडाले होते.

---

जुना_खडू

कुचकामी नाही. चाचणीआधी त्या माणसाबद्दल आपल्याला एवढंच माहीत होतं की दोनशेत एक, म्हणजे अर्धा टक्का. चाचणीने तो अर्धा टक्का १०.८ वर नेला, एकवीस पटींहून जास्त. एका चाचणीचं हे काम कमी नाही. त्या ४४६ जणांची पुन्हा चाचणी केली आणि दुसऱ्या वेळच्या चुका पहिलीशी जोडलेल्या नसतील, तर आजारी साधारण ४६ आणि निरोगी साधारण १६ पुन्हा पॉझिटिव्ह येतील. ६२ पैकी ४६, म्हणजे शक्यता एकदम ७४ टक्क्यांवर. मात्र एखाद्याच्या शरीरातलंच काहीतरी चाचणीला फसवत असेल तर ते दुसऱ्यांदाही फसवणार, आणि मग हा हिशोब लागू नाही.

दुसरी शंका जास्त चांगली आहे. गाडीला आणि पाण्याला छेद एकच, तिथे वाद नाही. पण कधी कधी दोन्ही छेद गणिताने बरोबर असतात आणि उत्तरं उलटी येतात. याचं गाजलेलं उदाहरण १९७३ सालच्या अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या पदव्युत्तर प्रवेशांचं. अर्ज केलेल्या ८,४४२ पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना प्रवेश मिळाला, ४,३२१ स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना. सरळ पक्षपात दिसतो. बिकेल, हॅमेल आणि ओ'कॉनेल या संशोधकांनी आकडे विभागवार लावले आणि १९७५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लेख लिहिला. विभागवार बघितल्यावर स्त्रियांविरुद्धची ती सरसकट तफावत राहिली नाही, काही विभागांत तर पारडं स्त्रियांकडे झुकलेलं होतं. स्त्रियांचे अर्ज मोठ्या प्रमाणावर अशा विभागांकडे गेले होते जिथे सगळ्यांनाच प्रवेश मिळणं अवघड होतं.

आता सांगा, छेद कोणता? विद्यापीठाला आलेले सगळे अर्ज की एकेका विभागाचे? प्रवेश ठरवणाऱ्यांनी हात आखडता घेतला का, हे विचारायचं असेल तर विभागाचे, कारण निवड तिथे होते. स्त्रिया त्याच विभागांकडे का वळल्या, हा त्याच्याही आधीचा प्रश्न आहे, आणि तो या टक्केवारीच्या पोटात शिरून सुटत नाही. वर्गात मी हे उदाहरण देत असे तेव्हा अर्धा वर्ग म्हणायचा "म्हणजे अन्याय नव्हताच" आणि अर्धा म्हणायचा "आकड्यांनी काहीही सिद्ध करता येतं". दोघांनाही मी पुन्हा आकडे लिहायला लावायचो.

---

खतावणी

वाणिज्यवाल्यांची हजेरी लावून जातो. आमच्याकडे हीच चूक "नफा २५ टक्के" या तीन शब्दांत असते. ८० ला घेतलं, १०० ला विकलं. नफा २०. खरेदीवर २५ टक्के, विक्रीवर २० टक्के. खरेदीवर एक चतुर्थांश म्हणजे विक्रीवर एक पंचमांश. खरेदीवर एक तृतीयांश म्हणजे विक्रीवर एक चतुर्थांश. अखेरचा साठा अंदाजाने काढताना विक्री १००० असेल आणि नफा खरेदीवर २५ टक्के असेल, तर विकलेल्या मालाची किंमत ८००. दरवर्षी अर्धा वर्ग ७५० लिहितो आणि पुढचा सगळा ताळेबंद हलतो.

---

दप्तरखाना

इतिहासाच्या बाजूने थोडी तक्रार. खडू सरांचं गणित बरोबर, पण ते वाचून कुणी लिहील की "बाळपण पार केलेले सगळे साठीपर्यंत आरामात जगत". तेही दहापैकी तीनचंच उत्तर आहे.

लंडनच्या जॉन ग्राँटने १६६२ साली मृत्यूच्या साप्ताहिक याद्यांवरून एक कोष्टक मांडलं. १०० पैकी ३६ सहा वर्षांच्या आत जातात असा त्याचा अंदाज. उरले ६४. सोळाव्या वर्षी ४०, सव्विसाव्या वर्षी २५, छत्तिसाव्या वर्षी १६, शेहेचाळिसाव्या वर्षी १०, छप्पन्नाव्या वर्षी ६, सहासष्टाव्या वर्षी ३. सोळा पार केलेल्या ४० पैकी छप्पन्न बघणारे ६, म्हणजे १५ टक्के. वृद्ध "जवळपास नसतच" असं नाही, पण खडू सरांच्या दहातल्या सहांच्या जवळपासही हे जात नाही.

याहून मजेशीर गोष्ट म्हणजे त्या याद्यांत मृत्यूचं कारण असायचं, वय नसायचं! मग ३६ कुठून आले? दात येणं, जंत, मुडदूस अशी लहान मुलांचीच समजली जाणारी कारणं त्याने वेगळी काढली, इतर काही कारणांतला एक वाटा मुलांच्या नावावर धरला आणि अंदाज बांधला. पुढचे आकडे तर कुठल्याच नोंदीतून आलेले नाहीत, ६४ वरून ओळीने उतरत नेलेले आहेत. म्हणून ते वाक्य लिहिताना "ग्राँटच्या अंदाजानुसार" हे शब्द गाळू नका. एडमंड हॅलीने, धूमकेतूवाल्यानेच, १६९३ साली ब्रेस्लाऊ शहराच्या नोंदींवरून असंच कोष्टक केलं. तिथे मृत्यूच्या वेळचं वय नोंदलेलं होतं, म्हणून त्याचं काम जास्त भरवशाचं.

तुमच्या उत्तरात दोन गुण का, याचा माझा तर्क असा : "चर्चा करा" ला तुम्ही "समर्थन करा" समजलात. पुढच्या वेळी पहिल्याच परिच्छेदात विचारा, हे आयुर्मान जन्मापासूनचं की पंधरा पार केलेल्यांचं? दुसऱ्यात एक खरं कोष्टक. तिसऱ्यात ते कोष्टक कशावरून बनलं आणि त्यावर किती भिस्त ठेवावी. दीड पान तेवढ्यात भरतं.

---

जुना_खडू

दप्तरखाना, कान पकडलेत. मान्य. साठचा आकडा मी भागाकार सोपा व्हावा म्हणून घेतला होता, आणि मुलं नेमकं तेच उचलतात.

---

भिंगरी

सगळ्यांनी मिळून छेदाची आरती चालवलीय म्हणून एक खडा टाकते. पहिल्या प्रश्नात "सरासरी चाल" विचारली होती. "सरासरी वेग" विचारला असता तर उत्तर शून्य. गाडी निघाली तिथेच परत आली, वेगाच्या अंशात अंतर नसून विस्थापन (सुरुवातीपासून शेवटच्या जागेपर्यंतचं सरळ अंतर) असतं आणि ते शून्य, छेदात ५ तास असोत नाहीतर ५०. तिथे घोटाळा अंशाचा असतो. बोलताना आपण चालीलाही वेगच म्हणतो, त्यामुळे प्रश्नातला तो एक शब्द बोट ठेवून वाचा. मी याच शब्दापायी सत्र परीक्षेत चार गुण घालवलेत.

---

परतीची_वाट

भिंगरी, प्रश्नपत्रिका पुन्हा काढून बघितली. "चाल"च आहे. हुश्श!

आठवडा झाला, खबर देते. अर्थशास्त्राच्या मॅडमना वही दाखवली. ०.८ आणि १.२५ दोन्ही शेजारी मांडले, खाली ४००० चा पडताळा. त्या म्हणाल्या की मध्यबिंदूची पद्धत तासाला सांगितली होती, पण प्रश्नात लिहायची राहिली. निम्मे गुण परत मिळाले. तो तास मी नोकरीमुळे चुकवला होता, त्यामुळे निम्मेच योग्य आहेत.

रसायनात आता सुरुवातीलाच एकूण माल लिहून ठेवते. परवा एका उत्तरात छेद मालापेक्षा मोठा आला आणि वही द्यायच्या आधी पकडला.

इतिहासाचं उत्तर ग्राँट घालून पुन्हा लिहिलं, अजून तपासून आलेलं नाही.

आणि सर, तुमचा घरचा अभ्यास. चार दिवस ताशी १२० लिहून बसले होते, कारण ४० आणि १२० ची सरासरी ८०. मग तास मोजले. एकूण अंतर २४०, सरासरी ८० हवी म्हणजे एकूण तीन तास. पण तीन तास तर जातानाच संपले. परत यायला वेळच उरत नाही. कितीही जोरात आलं तरी जमणार नाही. माझं काही चुकतंय का? कारण मग उत्तर येतच नाही.

---

जुना_खडू

काही चुकलेलं नाही. वहीत "अशक्य" असं लिहा आणि खाली ती तीन तासांची ओळ. जागा रिकामी सोडू नका, तपासणाऱ्याला वाटेल तुम्ही प्रश्न सोडवलाच नाही.